निखळलेला खांदा: बांधून ठेवायचा की हलवायचा?

आजचा भाग एका कबड्डीच्या मैदानावरून सुरू करतो.

मी अकरावीत होतो. तालुका पातळीचे सामने. आमचा डावा कोपरारक्षक म्हणजे आमच्या संघाचा कणा. त्याने चढाई करणाऱ्या पोराचा घोटा धरला, ते पोर जोरात उसळलं आणि आमच्या गड्याचा हात मागे ओढला गेला. तो ओरडला नाही. नुसता खाली बसला आणि दुसऱ्या हाताने कोपर धरून राहिला. खांद्याची गोलाई नाहीशी झाली होती. तिथे एक कोपरा दिसत होता, शर्ट हँगरला लटकवल्यावर दिसतो तसा. आमच्या सरांनी त्याला आडवा केला, बगलेत पाय रोवून हात ओढला. "खट्" झालं. खांदा बसला. मैदानाने टाळ्या वाजवल्या.

आता खरी गोष्ट पुढे आहे. आठवडाभर हात गळ्यात. दुखणं थांबलं तसा हात मोकळा. चौथ्या आठवड्यात गडी मैदानावर. त्या मोसमात खांदा आणखी तीनदा उतरला. दोन वर्षांनी लोकलमध्ये वरची कडी धरायला हात वर केला आणि गर्दीत खांदा उतरला. कबड्डी तर त्याआधीच सुटली होती.

खांदा बसवण्यात कोणाची चूक झाली, यावर आम्ही पुढे कितीतरी वर्षं बोलत होतो. खांदा बसल्यानंतरच्या महिन्यांबद्दल मात्र कोणीच काही बोललं नाही. आजचा भाग त्या महिन्यांचा इतिहास सांगणारा आहे. निखळलेला खांदा बसवायला माणूस हजारो वर्षांपूर्वी शिकला. बसल्यावर त्याचं काय करायचं, घट्ट बांधून ठेवायचा की हलवायचा, हा वाद मात्र अजून पूर्ण मिटलेला नाही. आणि या वादात सगळ्यात जास्त नुकसान झालंय ते तरुण खेळाडूंचं.

लिंबू आणि चमचा

आधी सांधा समजून घेऊ. मांडीचं हाड कमरेत बसतं ते वाटीत लाडू बसावा तसं, खोल. खांद्याचं तसं नाही. शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यत आठवा. चमचा उथळ, लिंबू मोठं. खांद्यात दंडाच्या हाडाचं गोल डोकं एका उथळ बशीला टेकलेलं असतं, आणि कुठल्याही क्षणी त्या डोक्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग बशीला टेकलेला असतो.

हा निसर्गाचा केलेला सौदा आहे. खोली सोडली म्हणून हालचाल मिळाली. आपण चेंडू फेकतो, मल्लखांबावर चढतो, पाठ खाजवतो, ते या उथळ बशीमुळे. मग लिंबू पडत कसं नाही? तीन गोष्टींमुळे. बशीच्या काठावर कूर्चेची एक गोट असते, साडीला फॉल लावावा तशी, ती काठ उंच करते. सांध्याभोवती पिशवीसारखं वेष्टण आणि अस्थिबंध असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लहान लहान स्नायूंची एक जुडी, जी डोक्याला सतत बशीकडे ओढून धरते. आता गंमत बघा, ती बशी स्वतःही स्थिर नाही. ती पाठीवरच्या त्रिकोणी फऱ्याच्या हाडावर आहे, आणि हात वर जातो तसं ते हाडही फिरतं. म्हणजे धावणाऱ्या पोराने लिंबू पडू नये म्हणून चमचाही तिरका करावा, तसं.

खांदा निखळतो तो बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. हात बाजूला, वर आणि मागे वळलेला असताना धक्का बसला की. चेंडू फेकायला हात उगारतो ती अवस्था. ही अवस्था लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

मुसळ, टाच आणि तापलेली सळई

इ.स.पू. चारशेच्या आसपास चला, ग्रीसमध्ये. हिप्पोक्रेटसच्या नावावर असलेल्या ग्रंथांपैकी एक सांध्यांवर आहे, आणि तो सुरूच होतो निखळलेल्या खांद्यापासून. का? कारण ग्रीकांकडे आखाडे होते. कुस्ती, थाळीफेक, मुष्टियुद्ध. पोरांचे खांदे निखळणं ही रोजची बाब असावी.

खांदा बसवायच्या कितीतरी रीती तिथे दिल्या आहेत. रोग्याला जमिनीवर निजवून बगलेत टाच लावायची आणि हात ओढायचा, म्हणजे आमच्या सरांनी केलं तेच. रोग्याची बगल एखाद्या उंच, धट्ट्याकट्ट्या माणसाच्या खांद्यावर टाकून त्याला लटकवायचं. ही रीत आखाड्यात सोयीची, कारण साहित्य काही लागत नाही, असंही त्यात म्हटलंय. शिडीवरून, फळीवरून, आणि कापड गुंडाळलेल्या मुसळावरूनही. ज्यांचा खांदा वारंवार उतरतो ते स्वतःच बगलेत मूठ घालून तो बसवतात, हेही लिहिलंय. मला हे वाचताना आमचा कोपरारक्षक आठवला. तोही शेवटी शेवटी स्वतःच बसवायला शिकला होता.

पण हा लेखक बसवण्यावर थांबत नाही. तो म्हणतो, या दुखण्यामुळे कितीतरी चांगल्या खेळाडूंना स्पर्धा सोडाव्या लागल्या, आणि युद्धात ऐनवेळी हात निकामी झाल्याने माणसं जिवाला मुकली. म्हणून वारंवार उतरणाऱ्या खांद्यासाठी तो एक भयंकर उपाय सांगतो. बगलेतली कातडी चिमटीत धरून वर उचलायची आणि लालभडक तापलेल्या बारीक सळईने डागायची. इतर वैद्य खांद्याच्या वरून, पुढून, मागून डागतात ते चूक आहे, असं तो ठासून सांगतो. डोकं जिथून निसटतं तीच जागा आवळली पाहिजे. जखमा भरल्यावरही हात बरेच दिवस, रात्रंदिवस अंगाशी बांधलेला ठेवायचा, म्हणजे ती सैल जागा व्रणाने आकसून घट्ट होईल.

सळई सोडून द्या. विचार बघा. खांदा एकदा निखळला की आत काहीतरी सैल होतं, आणि नुसता सांधा जागेवर आणून ते सैलपण जात नाही. हे चोवीसशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

त्याच ग्रंथात आणखी एक बारीक गोष्ट आहे. खांदा बसल्यावर हलक्या हाताने चोळावा, आणि वैद्याला चोळण्याची कला नीट यायला हवी, कारण चोळण्याने सैल सांधा आवळता येतो आणि आखडलेला सांधा सोडवताही येतो. म्हणजे बांधणं आणि हलवणं, दोन्ही एकाच माणसाने, एकाच ग्रंथात सांगितलंय. पुढच्या लोकांनी त्यातलं एकेक उचललं आणि भांडत बसले.

मातीचा गोळा, मिठाचा खडा, दगड

आता आपल्याकडे येऊ. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांचा आणि निखळलेल्या सांध्यांचा आहे. सांधा निखळण्याचे सहा प्रकार, हाड मोडण्याचे बारा. आणि खांद्यासाठी? मुसळ! बगलेत मुसळ घालून वर उचलायचं, आणि जागेवर आलेला खांदा स्वस्तिक बंधाने बांधायचा. ग्रीसमध्येही मुसळ, इथेही मुसळ. कोणी कोणाकडून घेतलं या वादात मी पडत नाही. मुसळ प्रत्येक घरात असतं, गोल असतं, मजबूत असतं आणि बगलेत मावतं, एवढं पुरेसं आहे.

बांधण्याबद्दल सुश्रुत फार व्यवहारी आहे. पट्टी थंडीत दर सात दिवसांनी सोडून बांधायची, मध्यम हवेत पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. पट्टी सैल झाली तर सांधा स्थिर राहत नाही, फार आवळली तर सूज आणि वेदना. आजही हाताला स्लिंग लावताना हेच बघतात.

पण या अध्यायातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तळहाताच्या दुखापतीबद्दल आहे. तळहात मोडला, बांधला, भरून आला. मग काय? रोग्याने आधी हातात मातीचा गोळा धरायचा. मग मिठाचा खडा. आणि हातात बळ आलं की दगड.

जरा थांबून विचार करा. आधी मऊ, मग कठीण, मग जड. सांधा भरून आला म्हणजे उपचार संपला असं नाही. बळ वेगळं परत आणावं लागतं, आणि तेही पायरीपायरीने. फिजिओथेरपीचा गाभा हाच आहे. आज फिजिओ आधी नुसता हात भिंतीवर दाबायला सांगतो, मग पिवळा रबर बँड देतो, मग लाल, मग हिरवा. मातीचा गोळा, मिठाचा खडा, दगड.

याच अध्यायात सुश्रुत आणखी एक हिशोब देतो. तरुण वयात सांधा एका महिन्यात पक्का होतो, मध्यम वयात त्याला दुप्पट वेळ लागतो, उतारवयात तिप्पट. तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे, तरुणाचं लवकर भरतं. हा हिशोब लक्षात ठेवा. पुढे तो एका अमेरिकन डॉक्टरच्या आकड्यांसमोर उभा राहणार आहे.

हाडवैद्य ते फिजिओ

मधली बरीच शतकं मी पटकन ओलांडतो. कारण या काळात बसवण्याच्या रीती बदलत राहिल्या, नंतरच्या काळाची काळजी मात्र जिथल्या तिथेच राहिली. आपल्याकडे तालमीतले वस्ताद आणि गावचे हाडवैद्य खांदे बसवत होते, तेल चोळत होते. युरोपात 1870 मध्ये थिओडोर कोखर या स्विस सर्जनने जोरजबरदस्ती न करता, कोपर धरून हात फिरवत खांदा बसवायची रीत प्रसिद्ध केली. या कोखरला पुढे 1909 मध्ये नोबेल मिळालं, पण ते थायरॉइडवरच्या कामासाठी. 1895 मध्ये क्ष-किरण सापडले, आणि आत हाडही मोडलंय का हे बसवण्याआधी पाहता येऊ लागलं.

वाद पेटला तो बसवल्यानंतरच्या काळावर. इंग्लंडमध्ये ह्यू ओवेन थॉमस हा अस्थितज्ज्ञ ठामपणे सांगत होता की सांध्याला विश्रांती, आणि तीही सक्तीची, अखंड आणि दीर्घ. हा माणूस वेल्समधल्या पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ल्यूका-शांपिओन्येर हा सर्जन बरोबर उलटं सांगत होता. लवकर चोळा, लवकर हलवा, हालचाल हेच जीवन.

मग हलवणार कोण? सर्जनला वेळ नव्हता. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग याने 1813 मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची एक राजमान्य संस्था काढली होती, आणि तिथून शिकलेले लोक युरोपभर व्यायामाने उपचार करत होते. 1894 मध्ये लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. कारण काय, तर मालिशच्या नावाखाली शहरात भलतेच धंदे चालत होते, आणि या बायकांना आपल्या कामाची इभ्रत राखायची होती. परीक्षा घ्यायची, नियम करायचे, डॉक्टरने सांगितल्याशिवाय रोगी घ्यायचा नाही. तीच संस्था आज ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टांची सनदी संस्था आहे. मग पहिलं महायुद्ध आलं, हजारो मोडके सैनिक परत आले, आणि या कामाला कायमची जागा मिळाली.

1934 मध्ये बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमनने फक्त खांद्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. कमरेत वाकायचं, हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलू द्यायचा, हा व्यायाम त्याच्या नावाने ओळखला जातो. तुमच्यापैकी कोणाचा खांदा कधी दुखावला असेल, तर हा व्यायाम तुम्ही केलेला असणार.

मग 1945. शिकागोतलं एक लष्करी इस्पितळ. थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळलेला आणि नंतर वजनं उचलून उभा राहिलेला. जखमी सैनिकांना हलके, पुन्हा पुन्हा करायचे व्यायाम देत होते, आणि ते बरे व्हायला फार वेळ लागत होता. डीलॉर्म म्हणाला, वजन वाढवत न्या. त्याने मोजून वजन दिलं, दर आठवड्याला वाढवलं आणि नोंद ठेवली. मातीच्या गोळ्यापासून दगडापर्यंत जाण्याची जुनी वाट त्याने किलो आणि आकड्यांत मांडली.

आपल्याकडे हे शास्त्र शाळेच्या रूपात आलं ते मुंबईत, आणि आलं पोलिओमुळे. पोलिओच्या साथीनंतर 1952-53 च्या सुमारास केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांचं ते एकत्र काम. लहान मुलांच्या लुळ्या पायांसाठी सुरू झालेलं हे शिक्षण पुढे खेळाडूंच्या खांद्यापर्यंत पोचलं.

शिवण कुठे उसवते

आता परत थोडं मागे, 1923. लंडनचा सर्जन ब्लंडेल बँकार्ट. त्याने विचारलं, खांदा पुन्हा पुन्हा उतरतो तो नेमका कशामुळे? त्याचं उत्तर होतं, ती कूर्चेची गोट. मघाशी मी साडीच्या फॉलची उपमा दिली ना? खांदा जोरात पुढे निखळतो तेव्हा हा फॉल बशीच्या पुढच्या काठावरून उसवतो, आणि हाडाला परत आपोआप चिकटत नाही. मग प्रत्येक वेळी डोकं त्याच फटीतून बाहेर येतं. उपाय म्हणून फॉल परत शिवायचा. या इजेला आजही बँकार्टचं नाव आहे. (जर्मनीत पेर्थेसने 1906 मध्येच असाच विचार मांडला होता, पण नाव बँकार्टचं राहिलं.) आणि 1940 मध्ये हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरण तज्ज्ञांनी दाखवून दिलं की दंडाच्या डोक्यालाही मागच्या बाजूने खोक पडते, बशीचा काठ त्यात रुततो म्हणून.

व्यायामावर विश्वास ठेवणाऱ्यांना हा मोठा धक्का होता. स्नायू कितीही बळकट करा, व्यायामाने शिवण होत नाही.

पण शिवणाऱ्यांचाही अतिरेक झाला. पुढच्या काही दशकांत खांद्यासमोरचा स्नायूच आखूड करून टाकायच्या शस्त्रक्रिया खूप झाल्या. खांदा उतरायचा थांबला, पण हात बाहेर वळेना. ज्याचा खेळच फेकण्याचा, त्याला असा खांदा काय कामाचा? शिवाय इतक्या आवळलेल्या खांद्यांमध्ये वर्षांनी सांध्याची झीज होऊ लागली. हिप्पोक्रेटसच्या सळईचंच हे सभ्य रूप म्हणायचं. आवळणं म्हणजे बरं करणं नव्हे.

83, 63, 16

आता सुश्रुताचा तो हिशोब काढा. तरुणाला एक महिना, मध्यमवयीनाला दोन, वृद्धाला तीन.

1956 मध्ये बोस्टनच्या कार्टर रो या सर्जनने 500 निखळलेल्या खांद्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पुन्हा किती जणांचा उतरला? विशीच्या आतल्यांमध्ये 83 टक्के. वीस ते चाळीस वयात 63 टक्के. चाळिशीपुढे 16 टक्के.

क्रम पार उलटा! ज्याचं सगळ्यात लवकर भरतं, त्याचंच सगळ्यात जास्त वेळा परत उतरतं.

मला वाटतं, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. सुश्रुत सांगतो दुखणं किती दिवसांत शांत होतं. रो सांगतो पुढे काय होतं. म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळला की तो आखडतो, ती वेगळी पीडा, पण आखडलेला खांदा सहसा उतरत नाही. तरुणाच्या सांध्याभोवतीचं वेष्टण लवचीक, फॉल मात्र हाडावरून उसवलेला. तीन आठवड्यांत दुखणं नाहीसं, हात वर जातो, पोरगं म्हणतं मी बरा झालो. आणि तो जातो कुठे? जिथे खांदा उतरला त्याच मैदानावर, त्याच धक्क्याच्या तोंडी. आमचा कोपरारक्षक बघा. त्याचं लवकर भरणंच त्याला महागात पडलं.

मग बांधून ठेवायची मुदत वाढवली तर? 1978-79 मध्ये स्वीडनमध्ये होवेलियस आणि सहकाऱ्यांनी हेच तपासायला घेतलं. 12 ते 40 वयाचे 255 रुग्ण. काहींचा हात तीन-चार आठवडे अंगाशी बांधला, काहींना दुखणं थांबेपर्यंत फक्त स्लिंग. आणि या लोकांचा त्यांनी पंचवीस वर्षं पाठपुरावा केला. पंचवीस वर्षं, मंडळी! निष्कर्ष असा की किती दिवस बांधलं याने खांदा पुन्हा उतरण्यात फरक पडला नाही. वय किती होतं, याने पडला. आणि एक दिलासाही. बारा ते पंचवीस वयातल्या, शस्त्रक्रिया न केलेल्या खांद्यांपैकी सुमारे निम्मे पुन्हा उतरलेच नाहीत, किंवा काळाच्या ओघात स्थिर झाले.

मधे जपानच्या एइजी इतोई यांनी हात बाहेर वळवून बांधला तर फॉल बशीला जास्त नीट टेकतो, असं दाखवलं आणि 2007 मध्ये चांगले आकडेही दिले. पुढच्या अभ्यासांत सगळीकडे तसंच घडलं नाही. म्हणजे नुसत्या बांधण्याने प्रश्न सुटत नाही, हे पक्कं.

दोन अकादमी, दोन उत्तरं

मग हलवण्याचं काय? इथे मला दोन अमेरिकन लष्करी अकादमींची गोष्ट सांगायचीय.

1984. नौदलाची अकादमी, अ‍ॅनापोलिस. अ‍ॅरोनेन आणि रीगन यांनी पहिल्यांदाच खांदा निखळलेल्या 20 छात्रांना तीन आठवडे बांधलं आणि मग कडक व्यायामक्रम दिला. नियम साधा होता. स्नायूंची ताकद पूर्ण परत येईपर्यंत आणि हात उगारताना भीती वाटणं थांबेपर्यंत खेळ बंद. सुमारे तीन वर्षांच्या पाठपुराव्यात चारांपैकी तीन जणांचा खांदा टिकला.

1994. भूदलाची अकादमी, वेस्ट पॉइंट. आर्सिएरो आणि सहकाऱ्यांनी 36 छात्र पाहिले. 15 जणांना महिनाभर बांधून मग व्यायाम, त्यातल्या 12 जणांचा खांदा पुन्हा अस्थिर झाला. 21 जणांवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, त्यातल्या फक्त 3 जणांचा.

एकाच वयाची पोरं, एकाच प्रकारची शिस्त, आणि उत्तरं टोकाची. आकडे लहान होते, आणि कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. 1999 मध्ये कॅनडात कर्कली यांनी तेही केलं. तिशीच्या आतल्या 40 जणांची अशी विभागणी केली. शस्त्रक्रिया न झालेल्यांत 47 टक्के जणांचा खांदा पुन्हा निखळला, झालेल्यांत सुमारे 16 टक्के.

म्हणजे शस्त्रक्रिया जिंकली? आदळआपट असलेला खेळ खेळणाऱ्या विशीतल्या पोरासाठी आज डॉक्टर तिचा विचार लवकर करतात, हे खरं. पण कर्कलींच्या अभ्यासातली एक बाब सहज नजरेतून सुटते. दोन्ही गटांना एकच फिजिओथेरपी होती. शस्त्रक्रिया झालेल्यालाही तोच मातीचा गोळा, तोच मिठाचा खडा. आणि ज्यांचा खांदा धक्क्याशिवाय, मुळातल्या सैलपणामुळे सरकतो, त्यांच्यात चित्र वेगळंच. 1992 मध्ये बर्कहेड आणि रॉकवूड यांनी दाखवलं की अशा खांद्यांपैकी 80 टक्के नुसत्या व्यायामाने चांगले झाले. मार लागून सैल झालेल्यांपैकी मात्र 16 टक्केच. म्हणून व्यायाम की शस्त्रक्रिया असं विचारण्याआधी आत काय उसवलंय ते बघावं लागतं.

पुण्यातली ती उडी

23 मार्च 2021. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना. श्रेयस अय्यरने चेंडू अडवायला झेप घेतली आणि डावा खांदा धरून उठला. वय 26. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. आयपीएलचा पहिला टप्पा गेला. तो मैदानावर परतला सप्टेंबरमध्ये, आणि नोव्हेंबरमध्ये कानपूरला पहिल्याच कसोटीत त्याने 105 धावा केल्या.

ते शतक आपण सगळ्यांनी पाहिलं. एप्रिल ते सप्टेंबर कोणी पाहिलं नाही. अशा महिन्यांत सर्वसाधारणपणे काय चालतं ते सांगतो. पहिले काही आठवडे हात स्लिंगमध्ये, पण बोटं, मनगट, कोपर हलतं ठेवायचं. मग हात न हलवता स्नायू नुसते आवळायचे. मग फऱ्याचं हाड जागेवर धरायला शिकायचं, कारण चमचाच डळमळला तर लिंबू कसं राहणार? मग रबर बँड, भिंतीवरचे जोर, जमिनीवरचे जोर. आणि ती मघाची अवस्था, हात बाजूला, वर, मागे वळलेला? ती सगळ्यात शेवटी. आधी खाली बळ यायला हवं, मग वर. त्यानंतर चेंडू झेलणं, पडणं, झेप. परवानगी मिळते ती तारखेवर नाही. दुसऱ्या खांद्याइतकी ताकद आली का, पूर्ण हालचाल आहे का, आणि हात उगारला की चेहऱ्यावर भीती येते का, यावर. याला बऱ्याचदा तीन-चार महिने लागतात, शस्त्रक्रियेनंतर आणखी जास्त.

एक सूचना, ती मी प्रत्येक अशा भागात देतो. मैदानावर कोणाचा खांदा निखळला तर ओढू नका. आमच्या सरांचा हेतू चांगला होता, पण हाडही मोडलेलं असू शकतं, आणि खांद्याच्या बाहेरच्या बाजूची संवेदना सांभाळणारी नस ताणलेली असू शकते. हात आहे तसा आधाराने धरा आणि इस्पितळात न्या.

अय्यर आणि आमचा कोपरारक्षक यांच्यात फरक कौशल्याचा असेल, नशिबाचाही असेल. पण मोठा फरक असा की एकाला पाच महिने थांबवणारी माणसं भोवती होती. दुसऱ्याला चौथ्या आठवड्यात आम्हीच मैदानावर ओढलं, कारण उपांत्य सामना होता. मीही त्यात होतो.

मागच्या महिन्यात त्याला भेटलो. मुलगी कबड्डी खेळते. म्हणाला, "तिला सांगितलंय, खांद्याला काही झालं तर आधी फिजिओकडे, आणि तो म्हणेल तेव्हाच मैदानावर. सामना अंतिम असला तरी." आणि हसत डावा हात वर केला. कानापर्यंतच.

तुमच्या तालमीत, क्रीडांगणावर, घरात असं कोणी असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा.